लाल दोऱ्याचे खापर

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
खाडीकाठ पुरावस्तू ऑनलाइन संदर्भसंग्रह, ठाणे.

विषय : नोंद क्र. ११८ ही माझ्या आईची लोणच्याची बरणी असल्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र, दि. ३ मार्च २०२५.

महोदय,

१. माझे वडील, कालकथित दगडू शिरसाट, खोपटच्या एसटी आगारात मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर सोळा वर्षे त्यांनी कोपरच्या खाडीकाठी जुनी खापरे वेचली आणि प्रत्येकासोबत जागा व तारखेची चिठ्ठी ठेवली. कोणालाही आपल्याला सापडलेले खापर घरबसल्या ताडून पाहता यावे, म्हणून गेल्या वर्षी सर्व २१२ खापरे त्यांनी आपल्याकडे दिली. जानेवारीत ते गेले.

२. तुलनेसाठी त्यांनी त्यांतच एक आजचा तुकडाही ठेवला होता. तो जुन्यांत मिसळू नये म्हणून त्याला लाल दोरा बांधला होता. तो १९९८ साली फुटलेल्या आमच्या बरणीचा. "मंजुळा, तुझी बरणी अभ्यासाला लागली," असे ते म्हणाले. "आधी दुसरी आणा, मग अभ्यास करा," असे आई म्हणाली.

३. आपल्या कार्यालयात लाल पट्टी महत्त्वाच्या फायलीला लागते. त्याच न्यायाने तो तुकडा 'चौदावे शतक, दुर्मीळ चिनी भांडे' ठरून संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर झळकला. उरलेली २११ खापरे 'सामान्य' म्हणून एकाच छायाचित्रात ढिगाने दिसतात. चिठ्ठ्या कुठेच दिसत नाहीत. त्या वाचायच्या तर काम वाढले असते, हे मी समजू शकते.

४. आपले लिपिक श्री. उत्तम म्हणाले, "मॅडम, साइटवर चढलं ते चढलं. पप्पांना स्वतः येऊ दे, मग बघू." मी मृत्यूचा दाखला पुढे केला. त्यांनी आणखी एक प्रत मागितली. आता संदर्भीय पत्रान्वये आपण बरणीच्या खरेदीची पावती मागता. बरणी चौदाव्या शतकातील असल्याचा पुरावा मात्र आपण कोणाकडेच मागितला नव्हता.

५. दरम्यान, नोंद ११८ शी ताडून डोंबिवलीतील तिघांच्या घरची फुटकी भांडी चौदाव्या शतकात गेली आहेत. "ज्याला आजचं ओळखता येत नाही, तो जुनं काय ओळखणार?" असे बाबा मला लहानपणी विचारत. हा प्रश्न अधिकाऱ्यांनाही विचारता येतो, हे तेव्हा माहीत नव्हते.

६. सबब, नोंद ११८ रद्द करावी आणि प्रत्येक खापराला त्याची चिठ्ठी परत लावावी. चिठ्ठ्या फेकल्या असतील, तर तेवढे स्पष्ट कळवावे. अक्षर बाबांचे होते.

अजूनही आपली नम्र,
प्रियांका दगडू शिरसाट
कोपर, डोंबिवली (प.)
दि. १७ मार्च २०२५

सोबत :
(१) मृत्यूचा दाखला, तिसरी प्रत.
(२) पावतीऐवजी, त्याच बरणीचा उरलेला भाग. ११८ त्याच्या काठाला लावून पाहावे. पाहून झाल्यावर परत करावा. आई त्यात मीठ ठेवते.