एकसारख्या बरण्या

शनिवार, १० मे

तू आवरलंस की घर ओळखू येत नाही, असं आई मला म्हणाली होती. मी तेव्हा दहा वर्षांची होते. त्या एका वाक्यावर मी पुढे अख्खं करिअर उभं केलं. आज मोठ्या फर्निचर शोरूममध्ये लोकांना स्वयंपाकघरं आखून देते. लोक माझ्यासाठी थांबतात. काही थांबून कंटाळतात आणि दुसरीकडे जातात, पण ते मुळात आपले क्लायंट नव्हेतच.

उद्यापासून आईबाबांकडे उन्हाळ्याचा आठवडा. दरवर्षी सगळे जमतो, आई ओट्याशी उभी राहते आणि आम्ही बसून गिळतो. यंदा नाही. यंदा तिचं स्वयंपाकघर मी नव्याने लावून देणार. सरप्राइज! बॅगेत एकसारख्या काचेच्या बरण्या भरल्या. लेबलंही केलीत. करडा रंग, बारीक नाजूक अक्षरं. फार क्लास दिसतात. बरण्या मावेनात म्हणून दोन ड्रेस बाहेर काढले.

नवऱ्याने विचारलं, आईला विचारलंस का? सरप्राइज म्हणजे काय हे या माणसाला अजून कळलेलं नाही. तो येणार नाही. सुट्टी मिळाली नाही, असं म्हणतो.

निश्चय: आईकडे नीट लक्ष द्यायचं. भावजयीला सल्ला द्यायचा नाही. दुपारी झोपायचं नाही.

रविवार, ११ मे

पोचले. दुपारी झोपले. प्रवासाचा शीण होता.

आईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, गालांवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, वाळलीस गं. वाळले! चार किलो वाढलेय. नव्या ड्रेसची कमाल.

बाबांचं मात्र काहीतरी बिनसलंय. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते, तोंड बंद कधीच नव्हतं, पण आता दिसेल ते मोठ्याने बोलतात. मी दारात पाऊल टाकलं तर म्हणाले, आली बघ आपली मोठी, निळा ड्रेस, हातात भली मोठी बॅग, घामाने डबडबलीये. अहो, मी समोरच उभी आहे! मग म्हणाले, पायरी ओली आहे. मग म्हणाले, चहा उजव्या हाताला ठेवलाय, काठोकाठ आहे. आई शेजारीच बसली होती, तिला दिसत नाही का? पण बिचारी सगळं शांतपणे ऐकून घेते. केवढा हा सोशिकपणा.

वय झालं बाबांचं. लक्ष ठेवायला हवं.

सोमवार, १२ मे

मावशी आली. आईची धाकटी बहीण. स्वतःची उशी घेऊन येते आणि स्वतःची मतंही. मला पाहून म्हणाली, बाई बाई, तू आलीस का, म्हणजे आता आमचं काही खरं नाही. प्रेमळ आहे.

धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची जुळी मुलं काल रात्रीच आली. मुलांना सगळे वादळ आणि वावटळ म्हणतात. खरी नावं शाळेच्या दाखल्यावर आहेत म्हणे.

स्वयंपाकघराची पाहणी केली. हाहाकार आहे. मीठ खिडकीत, साखर गॅसपाशी, चहा दाराआडच्या फळीवर, कात्री खिळ्याला. साखरेच्या डब्याला एक रबरबँड, मिठाच्या डब्याला दोन, पिठाच्या डब्याला सुतळी. गॅसच्या बटणावर चिकटपट्टीचा गोळा. जुन्या पिढीला काही टाकवत नाही हेच खरं.

संध्याकाळी बाबा आणि आई हातात हात घालून फिरायला गेले. या वयात! मावशीने लगेच विचारलं, तुझा नवरा धरतो का गं असा हात? मी म्हटलं, बाबांना आता आधार लागतो, एवढंच.

उद्या सगळे तळ्यावर जाणार आहेत. माझं डोकं दुखणार आहे.

मंगळवार, १३ मे

माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम दिवस!!

सगळे गेल्यावर कामाला लागले. चहा, साखर, मीठ, पीठ, तांदूळ, सोडा, भांडी घासायची पावडर, सगळं एकसारख्या बरण्यांत. एका रांगेत. रबरबँड, सुतळी, चिकटपट्टी, सगळं कचऱ्यात. तापलेलं पातेलं ठेवायची ती काळी जाळी ओट्यावरून काढून कपाटात टाकली. कात्रीला ड्रॉवर दिला. कपाटांमधला ओटा आता विमानतळासारखा मोकळा आहे. फोटो काढला आणि शोरूमच्या ग्रुपवर टाकला. आधीचा फोटो काढायचा राहिला, पण तो कुणाला हवाय?

आई आली. दारातच थांबली. मग फळीवरून हात फिरवत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक बरणी चाचपत. शेवटच्या बरणीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, छान.

भारावून गेली होती.

बाबा म्हणाले, अगं, हे काय करून ठेवलंस! अर्थात बाबांच्या बोलण्याचं आता फार मनावर घ्यायचं नाही, असं मी ठरवलंय.

बुधवार, १४ मे

सकाळी चहात मीठ. धाकट्याने पहिला घोट घेतला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला, जणू तिथून मदत येणार होती. मावशीने विचारलं, हा शोरूमचा चहा का? वादळ आणि वावटळ आनंदाने वेडे झाले.

दुपारी भाताला साखर. तरीही वाईट लागला नाही, असं मी सगळ्यांना दोनदा सांगितलं.

आणि मग भांडी. आईने ती पिठाने घासली. पाणी ओतल्याबरोबर खळ झाली. पातेलं कढईला असं चिकटलं की ते सोडवायला एका बाजूने धाकटा आणि दुसऱ्या बाजूने दोन्ही वादळं लागली. सुटलं तेव्हा तिघंही मागे पडले. मावशी हसता हसता म्हणाली, म्हणतात ना, आंधळं दळतं आणि... तिथेच थांबली. बाबा खोकले. म्हण अर्धीच राहिली. मावशीचंही वय झालं.

बदलाला सुरुवातीला विरोध होतोच. आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. आईला सांगितलं, लेबल वाचायचं की झालं. ती हो म्हणाली.

मुलांनी एक नवीन खूळ काढलंय. आजीशी बोलताना आधी स्वतःचं नाव सांगतात. आजी, मी वादळ, मला भूक लागली. फोनची सवय, दुसरं काय.

बाबांची तब्येत बिघडत चाललीये. दिवसभर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि ओरडत होते, डावीकडून तिसरी साखर! पुढे सरका, पुढची सोडा! धाकट्याला बाजूला घेऊन म्हटलं, बाबांना डॉक्टरकडे न्यायला हवं. तो म्हणाला, ताई, बाबा ठणठणीत आहेत, तू जरा आईकडे बघ. मी आईकडेच बघतेय! बाबांमुळे किती दमते ती.

गुरुवार, १५ मे

धमाल!! मुलांनी जेवणाचा खेळ केलाय. ताट समोर आलं की आधी ओळखायचं, आज कशात काय पडलंय. हरेल त्याने भांडी घासायची. गोड ऑम्लेट मावशीने ओळखलं. खारं पुडिंग कुणालाच ओळखता आलं नाही, धाकट्याने तर दुसऱ्यांदा घेतलं. सरबतात साखरेऐवजी सोडा पडला आणि फेस टेबलावरून थेट बाबांच्या मांडीवर. बाबा उभे राहून म्हणाले, बस भरली, मागची घ्या. आई टेबलाला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकं हसताना तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

माझ्या बरण्यांनी घर एकत्र आणलं.

फक्त भावजय. बालवाडीत शिकवते, सगळ्यांना तीन वर्षांचं समजते. गुपचूप बरण्यांना रबरबँड लावत होती. मी काढले. तिने पुन्हा लावले. मी तिला सल्ला दिला नाही, फक्त अर्धा तास समजावून सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, ताई, तुम्ही एकदा डोळे मिटून चहा करून बघा ना. माझ्या चहाला नावं ठेवायची ही कुठली पद्धत?

संध्याकाळी आईचा हात भाजला. जाळी ओट्यावर जिथे असायची तिथे तिने तापलेलं पातेलं ठेवलं. जाळी नव्हती. पातेलं कलंडलं. मनगटावर दूध सांडलं. मी म्हटलं, अगं आई, बघून ठेवायचं ना. ती म्हणाली, हो गं, चुकलंच.

सगळे माझ्याकडे पाहत होते. का ते कळलं नाही.

शुक्रवार, १६ मे, सकाळी

एका दगडात दोन पक्षी. आईच्या मनगटाला मलम हवंच आहे. त्या निमित्ताने बाबांनाही डॉक्टरांसमोर बसवते. बाबांना कळू द्यायचं नाही. तसेही ते आईला एकटीला सोडतच नाहीत.

शुक्रवार, संध्याकाळी

डॉक्टर जुने आहेत, आमचा गोवरही त्यांनीच बरा केला. आत शिरताच त्यांच्या कानात सांगितलं, बाबांचं डोकं जरा तपासा. त्यांनी बाबांना विचारलं, पहिल्या रूटचे थांबे आठवतात का? बाबांनी सगळे थांबे सांगितले. मग उलट्या क्रमाने. मग कुठल्या थांब्यावर कोण रोज फुकट बसायचं तेही. बाहेर बसलेल्या एका पेशंटने तिथूनच दाद दिली. तो त्याच रूटवर राहायचा.

मग डॉक्टरांनी आईचा हात पाहिला. म्हणाले, हे होणारच होतं. मोतीबिंदू पार पिकलाय, उजवीकडे नुसतं धुकं, डावीकडे तेही नाही. मी मार्चमध्ये तारीख दिली होती, तुम्ही म्हणालात पोरं येऊन जाऊ देत. आता तरी उरकून घ्या.

मला अंदाज होताच.

नव्हता.

अजिबात नव्हता.

रिक्षात मी मध्ये बसले. एका बाजूने बाबा रस्ता सांगत होते, आता वळण आलं, आता फाटक, आता तुझी ती फुलवाली. मी प्रथमच ऐकत होते. फुलवालीने जांभळी छत्री उघडली होती.

आईला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं असतं तर तू मला आठवडाभर खुर्चीत बसवलं असतंस. पुढच्या वर्षी सगळे हॉटेलात भेटू म्हणाली असतीस. मला वर्षातून एकदाच पोरं मिळतात. मला पेशंट व्हायचं नव्हतं. आणि घरात माझं काही अडत नव्हतं गं. हात लावला की वस्तू सापडायची.

यावर बाबा पुढचं वळण सांगायला विसरले. पहिल्यांदाच.

मावशीला हिवाळ्यापासून माहीत होतं. भावजयीच्या सोमवारी लक्षात आलं, आल्यानंतर पहिल्याच जेवणात. मग धाकट्याला कळलं, मग मुलांना. मोठीला कुणी बोलायचं नाही, अशी आईने सगळ्यांना शपथ घातली होती. आईकडे लक्ष द्यायचा निश्चय करून आलेली या घरात मी एकटीच होते.

काखेत कळसा. मी तर कळशावर लेबल लावून कपाटात ठेवला होता.

शनिवार, १७ मे

सगळं परत जागेवर. पण जागा कुठली? माझ्या सोमवारच्या पानावर चारच वस्तू होत्या, बाकीच्यांचं कुणालाच नक्की आठवेना. धाकटा म्हणाला सोडा फ्रिजवर असायचा, मावशी म्हणाली छे, फ्रिजवर तुझं गणिताचं पुस्तक असायचं, तू लपवायचास. शेवटी आईच मध्ये उभी राहिली. मी एकेक वस्तू तिच्या हातात द्यायची, ती चालत जाऊन ठेवायची. एकदाही अडखळली नाही. मी मात्र दोनदा तिच्या पायात आले.

भावजयीला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, असू दे हो ताई, आमच्या वर्गात रोज होतं. तीन वर्षांचीच समजते मला. बरोबर आहे.

मग डोळे मिटून चहा केला. मुलं दोन्ही बाजूंनी ओरडत होती, आत्या, गरम! आत्या, डावीकडे! तुमची डावी की माझी, या भांडणात बोट पोळलं आणि निम्मी साखर जमिनीवर गेली. मावशी म्हणाली, मुंग्यांचं भलं झालं. आईने चहा चाखला. म्हणाली, डोळे उघडे ठेवून करतेस त्यापेक्षा बरा आहे.

बरण्या मी परत नेतेय. शोरूममध्ये चालतील. की नाही चालणार? लेबलांवरची अक्षरं मलाही चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत. आत्ता पाहिलं.

रविवार, १८ मे

ऑपरेशन बुधवारी. डॉक्टरांनी कुठूनतरी जागा काढली. त्यांनी अट घातली की घरात कुणीतरी राहावं, आईने धुराजवळ जायचं नाही, वाकायचं नाही म्हणे.

मी लगेच म्हटलं, मी राहते. रजा टाकते. सकाळपासून तयारीही केली होती, काय काय करायचं ते मनात लावून ठेवलं होतं.

आई म्हणाली, धाकट्याची बायको राहतेय, तिच्याशी बोलणं झालंय. ती वस्तू उचलते तिथेच ठेवते.

खरंय.

मग मी म्हटलं, डोळ्यांत थेंब घालायला तरी येते. ते बाबा घालणार. रोज पेपर वाचून दाखवायला? तेही बाबाच. जाहिरातींसकट. मावशी म्हणाली, तू असं कर, वादळं घेऊन जा, घरात शांतता हीच मोठी मदत. मुलांनी उड्या मारल्या. अशा रीतीने माझ्या वाट्याला वादळ आणि वावटळ आले. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, सरप्राइज.

बस तासाभरात आहे. बाबा फाटकापाशी मुलांना रांगेत उभं करून तिकिटं फाडतायत. आई आत आहे, ओट्याशी, एकटी.

आत जाऊन एकच विचारायचंय. पट्टी काढतील तेव्हा समोर बाबा असणार, ते ठरलेलंच आहे, त्यांचाच पहिला मान. नाही म्हणेल ती, पोरांना कोण सांभाळेल ते काढेल, बसचं भाडं काढेल. तरी विचारते. आई, मला येऊ दे त्या दिवशी. बाबांच्या मागे उभी राहीन. कशालाही हात लावणार नाही.