सामनेवाली

१२ जानेवारी २०२६

पुन्हा तारीख. साहेब रजेवर! कुबडी घेऊन कोर्टाचा जिना चढायचा आणि तसाच उतरायचा — वर्ष उलटून गेलं, पण जिना काही कमी होत नाही.

आज सामनेवाली दिसली. आमच्या दाव्यात विमा कंपनीच्याही आधी तिचं नाव आहे. मला वाटलं होतं, कुणीतरी भांडखोर बाई असेल. ही व्हरांड्यात चपला काढून, भिंतीला टेकून खाली बसलेली. झुंबरबाई. पेठकडच्या पाड्यावरून पहिल्या एसटीने आलेली. सावळघाटात ज्याची मोटरसायकल माझ्या स्कूटीवर आदळली आणि जो जागीच गेला, त्या बहिरूची आई. गाडी त्याच्या नावावर होती, म्हणून आता नोटिसा आईला. मेलेल्याच्या जागी कुणीतरी उभं राहावंच लागतं म्हणे.

ती बघत राहिली. माझ्याकडे नाही, माझ्या पायाकडे.

१३ जानेवारी

आल्हाद म्हणतो, तिच्याशी बोलायचं नाही, वकिलांनी बजावलंय. वेणीमाधव वकील त्याचे शाळासोबती, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे आमच्या घरात ब्रह्मवाक्य. बायकोचा शब्द त्यानंतर! वकील म्हणतात, तुमचं नशीब चांगलं. समोरची गाडी सापडली, तिचा विमाही चालू होता. अज्ञात वाहन ठोकून पळालं असतं तर सरकारी मदतीवर समाधान मानावं लागलं असतं, त्यात गुडघ्याची अर्धी वाटीसुद्धा आली नसती.

एक पोरगा मेला, आणि आमचं नशीब चांगलं.

पण खोटं कशाला बोलू? गुडघा बदलल्याशिवाय मी वर्गात उभी राहू शकत नाही. आश्रमशाळेत तासिकेवर होते — तास घेतला तर पैसे, नाहीतर नमस्कार. माझ्या जागी नवीन बाई आल्यासुद्धा. सगळी भिस्त या दाव्यावर. आणि ज्या संध्याकाळचा दावा, तिचंच मला काही आठवत नाही! घाटातलं वळण आठवतं, मग एकदम हॉस्पिटलचा पंखा.

१५ जानेवारी

फिजिओवाला सुयश रोज ओरडतो, हलवा मॅडम, हलवा! आणि नेमकं तेव्हाच कानामागून कुणीतरी म्हणतं, हलू नको.

पुरुषाचा आवाज. आज मी वळून पाहिलं. भिंत. त्यावर हाडांच्या सापळ्याचं चित्र. सुयशला काही बोलले नाही. अपंगत्वाच्या दाखल्यावर पायाचा टक्का लिहून झालाय, त्यात डोक्याचा कशाला वाढवा.

१९ जानेवारी

भर दुपारी, कुकर लावताना. हलू नको. माझ्या हातातलं झाकण पडलं.

भूत असेल तर त्याने रागवायला हवं ना? मी त्याच्यावर, त्याच्या आईवर दावा ठोकलाय. हा तर माझी समजूत काढतोय! त्याचीच जास्त भीती वाटते.

२७ जानेवारी

आज कोर्टात आल्हाद झेरॉक्स काढायला खाली गेला होता. झुंबरबाई सरकत सरकत बाकापाशी आल्या. मी मान फिरवली. त्या माझ्या कुबडीशी बोलल्यासारखं बोलल्या —

"बाई, त्याची चूक असंल तर असंल. तू तुझ्या पायाचं घे, माझं काय म्हणणं नाय. पर तू तिथं व्हतीस. माझा बहिरू शेवटाला काय बोलला, तेवढं सांग."

घरातल्या गेलेल्या माणसांचे दगड त्यांनी आंब्याखाली मांडलेत. बहिरूचा दगड आणून ठेवलाय, पण आडवाच पडून आहे. त्यांच्या घरची रीत अशी, की माणूस घरापासून लांब मेला तर त्याचा शेवटचा शब्द घरी आणायचा, तो बोलायचा आणि मग दगड उभा करायचा. नाहीतर तो रस्त्यातच राहतो. त्यांच्या दिराचा शब्द असाच लांबून, कुणा ट्रकवाल्याकडून आणला होता म्हणे.

मी म्हटलं, मला काही आठवत नाही.

"आठवंल," त्या म्हणाल्या. "मी येत जाईन."

धमकी नव्हती ती. तरी मी कुबडी ओढून जवळ घेतली.

३ फेब्रुवारी

वकिलांना अपघाताच्या वेळचे कपडे हवेत. हॉस्पिटलने बांधून दिलेली पिशवी आल्हादने माळ्यावरून काढली. आजवर कुणी उघडली नव्हती. माझा फाटका ड्रेस, एक चप्पल आणि एक टॉवेल. लाल-हिरव्या चौकड्यांचा, रक्ताने कडक झालेला. आमचा नाही.

डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, मांडी कुणीतरी घट्ट बांधली म्हणून पाय राहिला, तुम्हीही राहिलात. आम्ही धरून चाललो, अॅम्ब्युलन्सवाल्यांनी बांधली. त्यांना पेढे नेऊन दिले, आणि त्यांनी ते खाल्लेसुद्धा!

हॉस्पिटलात टॉवेल कापून काढलेला, पण गाठ तशीच. गाठीत करवंदीची वाळकी काटकी पिळून घातलेली. अॅम्ब्युलन्समध्ये कुठली आली करवंदीची काटकी? मी टॉवेल नाकाशी नेला. चुलीच्या धुराचा वास.



४ फेब्रुवारी

आठवलं. सगळं.

मागून पिकअप आली आणि मला उडवून गेली. थांबली नाही. मी रस्त्यात पडले होते, अंधारून आलं होतं. मग एक मोटरसायकल थांबली. तो उतरला, धावत आला. गळ्यातला टॉवेल काढून माझी मांडी बांधली. बोलत होता सारखा, लहान मुलाशी बोलावं तसं. वळणावरून दुसरा उजेड आला, मोठा. मोटरसायकल उडाल्याचा आवाज, आणि त्याचं बोलणं थांबलं.

पोलिसांना दोन पडलेल्या गाड्या दिसल्या, एक मेलेला, एक बेशुद्ध. टक्कर! पंचनामा झाला. मला विचारणार कोण, आणि मी सांगणार काय? मग आल्हादने फिर्याद दिली.

तो शेवटी काय म्हणाला तेही आठवलं. इथे लिहीत नाही. ते आधी त्याच्या आईचं आहे.

५ फेब्रुवारी

आल्हादला सांगितलं. त्याने आधी दार लोटून घेतलं. मग विचारलं, "अजून कुणाला बोललीस?"

प्रतिज्ञापत्र तयार आहे, फक्त सही बाकी. बहिरू भरधाव, चुकीच्या बाजूने आला, असं त्यात लिहिलंय. खरं सांगितलं तर दावा संपला. विमा कंपनी हात झटकून मोकळी.

आल्हाद रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. माझा पाय मांडीवर घेऊन तेल लावत बसला. म्हणाला, "तो गेला, आभा. तुला अजून चालायचंय." त्याचंही चुकतंय असं मला म्हणवत नाही. मी रडले, तोही रडला.

९ फेब्रुवारी

तीन दिवस आवाज नाही. सुयश ओरडतो, मी कान देऊन वाट बघते. नुसती शांतता. ही जास्त वाईट आहे.

उद्या सही.

१० फेब्रुवारी

सही केली नाही.

व्हरांड्यात झुंबरबाईंच्या शेजारी खाली बसले. गुडघा बोंबलला, बोंबलू दे. टॉवेल त्यांच्या ओंजळीत ठेवला आणि त्याचे शब्द जसे ऐकले तसे सांगितले — "हलू नको बाई. मी गाडी आडवी लावलीय. आता कोण नाय येत."

त्या ओठ हलवत पाठ करत होत्या. पुन्हा सांग म्हणाल्या, सांगितलं. मग त्यांनी एकट्यांनी म्हणून दाखवलं, त्याच्याच आवाजात. एसटीची वेळ झाली होती. मला उठता येईना, तेव्हा त्यांनीच हात दिला.