पाऊस थांबवता आला नाही, त्याची हकीकत

चिरंजीव भाचेबुवा यांस मामाचे आणि मामीचे मिळून भरघोस आशीर्वाद. (मामीचे मीच लिहून टाकले आहेत. ती आत आरशासमोर उभी राहून संवाद म्हणते आहे आणि मध्ये कोणी हाक मारली तर अंगावर येते.) तुझी तब्येत बरी असेलच. डोळ्यांना जरा विसावा देतोस का, की दिवसभर त्या पडद्यात नाक खुपसून बसतोस? तुझ्या आईला गुडघा शेकायला सांग. त्यावर ती “दादा स्वतःचा शेकतो का?” असं विचारेल, तेव्हा माझं नाव सांगू नकोस. आम्ही खुशाल आहोत. पत्राला कारण तसं विशेष काही नाही. पण नाटकाचा प्रयोग एकदाचा पार पडला, आणि फोनवर सांगायला घेतलं की तू “मामा, थोडक्यात” म्हणतोस. ही गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी नाही.

तुझ्या मामीला नाटकाचं वेड लग्नाआधीपासूनचं. पण संसार, मुलं आणि माझी दुरुस्तीला आलेली शिवणयंत्रं (घरभर तेलाचा वास, पाहुणेसुद्धा नाकाला रुमाल लावून बसत) यात ते राहून गेलं ते राहूनच गेलं. यंदा आमच्या गल्लीतल्या हौशी मंडळींनी नाटक बसवलं आणि तिला शेजारणीचं काम मिळालं. काम चिमूटभर. पहिल्या अंकात धो धो पाऊस चाललेला असतो, दारावरची घंटी वाजते आणि ती ओली छत्री घेऊन आत येते. दुसऱ्या अंकात दुसरी सकाळ, पुन्हा घंटी, पुन्हा ती, आणि “काय लख्ख ऊन पडलंय!” म्हणून चार वाक्यं बोलते. पण त्या चार वाक्यांसाठी तिने घरात इतक्या वेळा ऊन पाडलं की मला घामोळं यायचं बाकी होतं. आवाजांची बाजू अर्थातच मी मागून घेतली. पाऊस मी पाडणार, घंटी मी वाजवणार, आणि मामी माझ्या घंटीवर आत येणार. या वयात नवरा-बायकोने एकत्र करण्यासारखं दुसरं असतं काय?

आता तू म्हणशील, सरळ गाणी लावायचा प्लेअर उघडायचा आणि बटण दाबायचं. अरे, पडद्यामागे मिट्ट काळोख, त्यात माझे दोन चष्मे. माउसचा तो बाण सापडेपर्यंत पाहुणा येऊन जेवून गेला असता. त्यापेक्षा तू शिकवलेल्या संगणकाच्या भाषेच्या, पायथनच्या (मामी अजून अजगरच म्हणते) काळ्या खिडकीत ‘पाऊस’ लिहून पुढे दोन कंस टाकले की पाऊस, ‘घंटी’ लिहून कंस टाकले की घंटी. बोटं शिवणयंत्रावर घडलेली आहेत, अंधारात चुकत नाहीत. शिवाय माणूस स्वतःचं स्वतः काही शिकला, की त्याला सोपा रस्ता दाखवणं हा अपमान वाटतो.

तालमीला काय झालं ते तुला अर्धंच ठाऊक आहे. मी पाऊस सुरू केला. नायक (एरवी विमा विकतो, त्यामुळे आवाज कमावलेला) म्हणाला, “एवढ्या पावसात कोण आलं?” मी घंटी टाइप केली. घंटी नाही. पुन्हा केली. नाही. खिडकी नुसती ढिम्म, पाऊस पुरता पडून गेल्याशिवाय पुढचं काही ऐकायला तयार नाही. नायकाने तीन सुरांत विचारलं कोण आलं, कोण आलं, कोणीही आलं नाही. मामी दाराबाहेर छत्री घेऊन ताटकळलेली. अखेर पाऊस संपला आणि मी घाबरून टाइप केलेल्या सगळ्या घंट्या रांगेने वाजल्या, वसुलीवाला आल्यासारख्या. दिग्दर्शन दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आहे. बाई बोलतात मऊ, पण उपटायचं ठरवलं की उपटतातच. म्हणाल्या, “काका, प्रयोगाला घंटी आली नाही तर मी शेजारीणच काढून टाकते. नाटक तिच्यावाचून अडत नाही.” घरी येताना मामी एक अक्षर बोलली नाही. ती भांडते तेव्हा मी भीत नाही रे. गप्प बसते तेव्हा भितो.

तेव्हा तुला निरोप धाडला, आणि तू कळवलंस की आवाज सुरू करायला ‘रन’ हा हुकूम नको, ‘पीओपन’ वापर. मला ते लगेच उमगलं. ‘रन’ म्हणजे तुझे वडील. इस्त्रीला कपडे टाकायला जातील आणि शेवटच्या शर्टाची घडी होईपर्यंत तिथेच बाकावर बसून राहतील. ‘पीओपन’ म्हणजे तुझी आई. कपडे टाकले, पावती घेतली, चालली पुढच्या कामाला; इस्त्री तिकडे होते, ही इकडे मोकळी. घरी करून पाहिलं तर पावसात घंटी अशी खणखणीत वाजली की मामी स्वयंपाकघरातून “कोण आहे?” करत बाहेर आली. अंक लांब, म्हणून पाऊस संपला की आपोआप पुन्हा पहिल्यापासून पडावा अशी सोयही केली. निरोपाच्या शेवटी तू लिहिलं होतंस की पावती म्हणून जे परत मिळतं ते एखाद्या नावात जपून ठेव, थांबवताना लागेल. ते मी वाचलं नाही. निरोपाच्या शेवटी कुठे काय महत्त्वाचं असतं?

प्रयोगाला पहिला अंक झकास झाला. पाऊस पडला, पावसात घंटी वाजली, मामी आली, बोलली, गेली. पडदा पडला. पाऊस पडतच राहिला. मी थांबवायला गेलो आणि कळलं की थांबवायचं कोणाला तेच आपण लिहून ठेवलेलं नाही. इस्त्रीवाल्याकडे गेलो आणि पावती नाही! काळी खिडकीच बंद केली, म्हटलं मूळच उपटू. कसलं काय! त्या पावसाने वेगळा संसार थाटला होता, खिडकी गेल्याचं त्याला सुतकही नाही. तोवर दुसरा अंक उघडला. नायक खिडकीशी जाऊन म्हणाला, “किती दिवसांनी आभाळ मोकळं झालं!” आणि बाहेर मुसळधार. लोक कुजबुजू लागले. डॉक्टरीणबाई विंगेतून माझ्याकडे अशा बघत होत्या की माझ्या दाढा आपसूक हलल्या. आता स्पीकरची वायर ओढली असती तर पाऊस गेला असता, पण त्याच वायरीतून घंटीही यायची होती. आणि घंटी गेली की तुझी मामी गेली. मी वायरीवरचा हात काढला, काळी खिडकी नव्याने उघडली, घंटी टाइप केली. वाजली.

मामी आत आली. हसतमुखाने म्हणाली, “काय लख्ख ऊन पडलंय!” आणि सभागृह फिस्सकन हसलं. नायक तर विम्याचे हप्ते थकल्यासारखा उभा. पण ही बाई हलली नाही. तिने शांतपणे वर छताकडे पाहिलं, आणि म्हणाली, “हा आवाज होय? वरच्या मजल्यावरचे आंघोळीला बसलेत. टाकी रिकामी केल्याशिवाय उठत नाहीत.” नायकाच्या तोंडून निघून गेलं, “कधीपासून बसलेत?” तर ही म्हणते, “काल संध्याकाळपासून. तुम्हाला काल वाटलं पाऊस पडतोय. माझी छत्री जिन्यात भिजली होती!”

लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. टाळ्या इतक्या, की थोडा वेळ पाऊससुद्धा ऐकू येईना. प्रयोगानंतर डॉक्टरीणबाई माझ्याकडे आल्या, तेव्हा मी अखेर उपटलेली वायर दोन्ही हातांनी पुढे धरली होती, चोर मुद्देमाल धरतो तशी. त्या डोळे पुसत होत्या. मला ओलांडून त्या मामीकडे गेल्या आणि त्यांनी तिला घट्ट मिठी मारली. घरी येताना मामी अखंड बोलत होती आणि मी ‘रन’ होऊन ऐकत होतो.

असो. लोभ आहेच, तो आणखी वाढवायला नको. फोनवरची घाई तेवढी कमी कर.

तुझा,
मामा

ता. क. पावती आता ‘पावती’ याच नावात ठेवली आहे. पाऊस सांगताक्षणी थांबतो. काळजी नसावी.

दुसरा ता. क. काळजी असावी. येत्या शनिवारी पुन्हा प्रयोग आहे आणि डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे की पाऊस शेवटापर्यंत अजिबात थांबायचा नाही. वरच्या मजल्यावरचे ते गृहस्थ कोण, असं जो तो विचारतो, म्हणून बाईंनी त्यांना नाटकातच घेतलं आहे. शेवटच्या प्रवेशात पाऊस एकदम बंद होतो, आणि ते टॉवेल गुंडाळून खाली येऊन विचारतात, “पाणी गेलं का हो?” मंडळातला एकही पुरुष तयार होईना. तेव्हा तुझ्या मामीने, मला न विचारता, माझं नाव दिलं. तर मी टॉवेलवर दारात उभा असताना तो पाऊस नेमका बंद कोण करणार? रजा काढ आणि शुक्रवारीच ये.

तिसरा. येताना एक जाड टॉवेल आण. आपल्या घरातले सगळे उजेडात आरपार दिसतात, असं मामी भर तालमीत म्हणाली.