बाई, बोर्ड ओ देत नाही

बाई, आधी तुमच्या बांगड्या वाजायच्या. हजेरीपट उघडताना त्या टेबलाच्या लाकडावर टेकायच्या आणि पेणच्या त्या शाळेत आमचा वर्ग गप्प व्हायचा. मग शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात माती मळल्याचा थपथप आवाज स्पष्ट ऐकू यायचा. तुम्ही नावंसुद्धा कवितेच्या चालीत घ्यायचात. मी खिडकीबाहेर बघत राहायचो, ओ द्यायची राहून जायची. "एकदाच हाक मारीन, नंतर नाय," म्हणत तुम्ही गैरहजेरी लावायचात. वडील गेले तेव्हा मात्र मी तीन दिवस शाळेत आलो नाही, आणि चौथ्या दिवशी तुम्ही आमच्या दारात उभ्या. "तुझा आवाज आला नाय, म्हणून आले." एवढंच बोललात.

आता रोह्यात, जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर काडेपेटीएवढं एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे. कंपनीत जन्मभर मीटर दुरुस्त केले, त्या जोरावर मागवलं. बटणासारख्या सेलवर चालतं. ब्लूटूथवरून आपलं नाव सारखं पुकारत राहतं, मोबाइलने ते ऐकून जोडून घ्यायचं. नाव मी 'हजर' ठेवलं. बायकोच्या कमरेच्या बटव्यात ते राहील, ती लांब गेली की जोड तुटेल आणि माझा मोबाइल वाजेल. तिला हल्ली घर ओळखू येत नाही. गेल्या महिन्यात नदीपलीकडच्या अष्टमी गावाला जाणाऱ्या पुलावर सापडली, अनवाणी. मुलगा म्हणाला, "बाबा, रविवारी येतो. तुमचं यंत्र चाललं तर ठीक, नायतर आईला संस्थेत ठेवू." उद्या रविवार.

आणि परवापासून मोबाइलच्या यादीत 'हजर' दिसत नाही. कुणाचा टीव्ही दिसतो, कुणाचा स्पीकर दिसतो, माझंच नाव नाही. सेल बदलला, ब्लूटूथला लागतं म्हणून लोकेशन चालू केलं, मोबाइल बंद करून पुन्हा लावला. एकदा कुणी जोडून घेतलं की बोर्ड पुकारायचं थांबतं, हे मला ठाऊक आहे. पण या घरात दुसरं आहे कोण?  बायको पलंगावरून बघत असते. "कुणाला शोधताय?" मी म्हणतो, "तुलाच." तर हसते. "इथंच तर हाय मी."

तुम्ही तर आता नाही, बाई; हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार? म्हणून मुलालाही न सांगितलेलं लिहितो. ती पुलावर गेली तेव्हा माझा डोळा लागला होता, असं मी सांगितलं. लागला नव्हता. डोळे मिटून तुम्ही शिकवलेली कविता म्हणत होतो. दाराची कडी वाजलेली ऐकली, आणि तरी कडवं पुरं केलं.

आत्ता तीच कडी वाजली. उठून बघतो तर शेजारीण. तिच्या स्कूटीखाली माझी जास्वंद मोडली, तेव्हापासून आमचं बोलणं नाही. हातात मोबाइल.

"काका, तुम्ही ओटीवर बसून करत होतात ते 'हजर' तुमचंच ना? परवा कानातले इअरफोन जोडताना चुकून दाबलं, तर माझ्याच मोबाइलला चिकटून बसलंय."

 तिने माझ्या खांद्यावरून आत पलंगाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"काकूंसाठी हाय ना ते? मीही लक्ष ठेवीन त्यांच्यावर. काढू, की राहू दे माझ्याकडं?"