आईचं माकड

सोमवार, ३ नोव्हेंबर

पुन्हा तेच! आईच्या संगणकात शिरले, मेलचा पत्ता लिहायला घेतला, @ उमटवायला गेले — आणि अख्खी खिडकी गायब. आई तिकडे नॉर्डनला, मी इकडे हानोफरला, समोर नुसता माझा रिकामा पडदा.

चूक बोटांची आहे. माझा जुना लॅपटॉप गेला म्हणून ऑफिसातल्या टिलकडून त्याचा मॅक घेतला. आईचा संगणक विंडोजचा. आमच्या जर्मन कीबोर्डवर आयुष्यभर @ म्हणजे स्पेसबारच्या उजवीकडची ऑल्ट-जीआर आणि क्यू. मॅकवर नेमकी त्याच जागी कमांड बसलीय. आणि कमांड-क्यू म्हणजे चालू असलेलं बंद करा! बोटं न बघता तिथेच जातात, काय करू?

परत जोडणी केली. आईने आमच्या गप्पांच्या पानावर लिहून ठेवलं होतं, "कंटाळली असशील तर सांग. तोंडावर दार आपटू नकोस."

मंगळवार, ४ नोव्हेंबर

नीट लिहून काढते, निदान डोकं तरी थाऱ्यावर येईल.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर आईचा उजवा हात गेला, जीभ जड झाली. फोनवर तिचं बोलणं मला कळत नाही, मग तीच चिडून फोन ठेवते. बुद्धी मात्र लख्ख. म्हणून रोज संध्याकाळी मी इथून तिच्या पडद्यावर जाते. एकाच पानावर ती डाव्या हाताने लिहिते, मी खाली उत्तर देते. अशा आमच्या गप्पा.

ओनोने, माझ्या भावाने, एमडेनला बंदराजवळच्या वृद्धाश्रमात तिच्यासाठी खोली धरून ठेवलीय. शुक्रवार, १४ तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. आई म्हणते, मेले तरी जाणार नाही. ओनोची अट अशी : "तिने एकटीने आश्रमाला मेल लिहून दाखवावी. पत्त्यापासून पाठवण्यापर्यंत. मग नकार तर नकार, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण फेना, तू लुडबूड केलीस तर मला कळेल हं."

मजकुराचं आईला काही नाही. अडलंय ते माकडापाशी. @ ला आमच्याकडे सगळे माकड म्हणतात. दोन कळा एकदम दाबायच्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. एका हाताला पोचत नाही. मी म्हटलं, तेवढं एक अक्षर मी घालते, ओनोला काय कळतंय!

आणि तेवढंही मला जमत नाहीये.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज खिडकी बंद झाली तेव्हा मला बरं वाटलं. सुटले एकदाची, असं. या वहीतच लिहून टाकलं.

परत आत गेले तर आईचं वाक्य तयार होतं. "तुझ्या मनातच नाही. तू ओनोच्या बाजूची."

मी लिहिलं, "आई, कळ चुकते गं."

"रोज?"

चहा केला होता, खडीसाखर विरघळून गार झाला तरी तसाच.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

टिलला विचारलं. तो पोट धरून हसला. "अगं, उजवी ऑप्शन धर आणि मग क्यू. कमांडकडे जाऊच नकोस. मीसुद्धा नवा होतो तेव्हा मेल लिहिता लिहिता बाहेर पडायचो."

मग विचारलं, हात एकच असेल तर?

"शिफ्ट पाच वेळा दाबायची. विंडोज विचारेल, हो म्हणायचं. मग कळा धरून ठेवाव्या लागत नाहीत. एक दाबून सोड, मग दुसरी."

इतकं सोपं! आणि मी आठवडाभर लबाडीने अक्षर घुसवायला बघत होते. तिला शिकवावं हे डोक्यातच आलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

चहाच्या वेळेला आत गेले. माझा बाण हलताच आईने लिहिलं, "आधी दार वाजवत जा. भुतासारखी फिरतेस माझ्या पडद्यावर."

शिकवलं. आधी नुसते क्यू आले. मग चुकून युरोचं चिन्ह. मग आईचं डोकं फिरलं. मला वाटलं, गेली उठून.

आणि एकदम — @. मग अख्खी ओळ @@@@@@@@@. खाली, "माकडांची टोळी." मी इथे एकटीच रडत बसले.

थोड्या वेळाने विचारते, "आता तुला घालवायचं कसं ते सांग." सांगितलं. जोडणीची खिडकी पुढे आणायची, मग ऑल्ट आणि एफ-चार. दोन्ही डाव्या हाताजवळच आहेत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ओनोचा फोन. "काय, कुठवर आलीय शाळा?" म्हटलं, शुक्रवारी कळेल.

ती जिंकावी असं मनापासून वाटतं. पण जिंकली तर पुढे काय? हा हिवाळा, घरातला तो उभा जिना, आणि रोज संध्याकाळी जीव मुठीत धरून मी या पडद्यासमोर. हे तिला कधीच सांगणार नाही. आज एका जागी बसवत नाही. तीनदा भांडी घासली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आत गेले तेव्हा मेल लिहून तयार होती. पत्ता पुरा, माकडासकट. मजकुरावर नजर जाते न जाते तोच खिडकी बंद.

क्यूला मी हातही लावला नव्हता.

मग मेल आलीच. आश्रमाला, प्रत ओनोला आणि मला.

"बंदराच्या बाजूची खोली असेल तर घेते. नसेल तर थांबते. हे माझं मी ठरवलं आहे. फेना, आता संध्याकाळी पडद्यावर यायचं नाही. त्या खोलीला दार असेल. वाजवून ये."