तेल ओलांडून जाणारी उष्णता

जिंतूर, ता. ८ फेब्रुवारी १९५८

प्रिय मधू,

दुपारच्या मोटारीनं तुझे हैदराबादचे सर आले. तुझ्या फोटोला हार घातला, चहा घेतला, चारच्या गाडीनं गेले. तू गेल्यावर आज पहिल्यांदा लिहिते आहे, कारण ते जे बोलले ते इथं कुणाला सांगू?

म्हणाले, “द्रवाचा थर जाड असला की किरणांनी जाणारी उष्णता आम्ही आता वजा करतो. माझ्या ते आधीच लक्षात आलं होतं.”

आधीच?

छातीचं दुखणं घेऊन तू घरी आलास तो यंत्रासकट. तांब्याच्या दोन तबकड्या, मध्ये करडईचं तेल. वरची वाफेनं गरम, खालची विहिरीच्या पाण्यानं गार. वाफेसाठी चूल मी पेटती ठेवायची. तेल उष्णता किती वाहू देतं त्याचा आकडा तू काढायचास; थर कितीही असला तरी तो एकच यायला हवा, म्हणायचास. तेल तेच, पण थर वाढवला की आकडा वाढायचा. तू कळवलंस, तर सरांचं उत्तर आलं की ताप चढलेल्या माणसानं दुसऱ्याचा ताप मोजू नये. किती दिवस जेवला नाहीस नीट!

मग दसऱ्याला मी घरातलं सगळं तांबं चिंचेनं घासलं, त्यात तुझ्या काळ्या पडलेल्या तबकड्याही. केवढा ओरडलास! पण जाड थराचा आकडा उतरला. मग त्यांवर दिव्याची काजळी धरलीस, आकडा पुन्हा चढला. तेव्हा चुलीपाशी येऊन म्हणालास, “अक्का, इथं तुझं तोंड भाजतं, ते काय मधली हवा तापते म्हणून? जाळाचे किरण थेट येतात. तेलातूनही तसेच जातात. लख्ख तांबं ते कमी सोडतं.”

सरांना तू हे किरणांचं सगळं कळवलंस. त्यात मात्र लिहिलंस, ‘तबकड्या घासून घेतल्या.’ कुणी घासल्या, ते नाही. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आज वाटलं.

सरांनी जाताना तबकड्या मागितल्या, कॉलेजात ठेवायला. मी म्हटलं, त्याचं नाव घालणार असाल तर न्या. हसून म्हणाले, “बाई, तो आता कुठं वाचायला येणार आहे?”

मी मोटारीपर्यंत पोचवायला गेले नाही.

भर वर्गात तुझं नाव घेऊन ते ही गोष्ट सांगतील, तेव्हा तबकड्या मी स्वतः हैदराबादला नेऊन देईन. तोवर कुणी मागितल्या तरी देणार नाही, हे पक्कं समज.

अंधार पडायला लागलाय. पीठ मळते, एका भाकरीपुरतं.

तुझी,
अक्का