झेंडावंदनाची सतरंजी

आदरणीय सुभेदार साहेबांना धोंडीबाचा कडक सलाम,

यंदाबी झेंडावंदनाला गुरुजींनी सतरंजी अंथरली.

दोन वर्सांमागं म्या फौज सोडून कायमचा गावी आलो, तवा सत्काराला गावानं तेरखेड्याच्या फटाक्यांची हजारी माळ लावली. पहिला फटाका वाजला अन् म्या शेजारच्या भागवत गुरुजींना खाली पाडून त्यांच्या अंगावर आडवा झालो. लोकांना वाटलं, सीमेवर जवान कसे वाचवले ते धोंडीबानं करून दाखवलं. लई टाळ्या पडल्या. तवापासून दर झेंडावंदनाला माळ लागती अन् कपडे मळू नयेत म्हणून गुरुजी आधीच सतरंजी टाकून उभे राहत्यात. सरपंच अयोध्याताई म्हणत्यात, "काका, पोरं तुमचंच बघायला येत्यात." न्हाय कसं म्हणू? फटाक्याला भ्यालो हे सांगितलं, तर पलटणीच्या नावाला बट्टा लागंल.

वाचवलं तर तुमी. गोळ्या चालू असताना खडकाआडून उठून, एकेकाचं नाव घेत आमा सहा जणांना नाल्यात उतरवलं. म्या शेवटचा. मला खाली दाबून वर आडवे झालात अन् म्हणलात, "मी सांगेपर्यंत उठायचं न्हाय, धोंडीबा."

त्यानंतर तुमी काहीच बोलला न्हाईत.

माळ संपली की गुरुजी खालून हळूच म्हणत्यात, "झालं, उठा आता." साहेब, तुमी सांगितल्याबिगर म्या कसा उठू?

हुकमाची वाट बघणारा,
नाईक धोंडीबा